बाजार थांबवण्याचा अधिकार कोणाचा?

शेअर बाजार हा समाजवादी कार्यकर्त्याच्या आस्थेचा विषय नव्हे, असा एक समज चळवळीत दीर्घकाळ रूढ आहे. बाजार म्हणजे सट्टा, सट्टा म्हणजे धनिकांचा जुगार, आणि त्या जुगारात कोण जिंकला व कोण बुडाला याच्याशी कष्टकऱ्यांना काही कर्तव्य नाही, अशी त्यामागची धारणा आहे. एके काळी ती बव्हंशी खरी होती. आज ती खरी उरलेली नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नागरी सेवेत आणि १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्र शासनाच्या सेवेत दाखल झालेल्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन बाजाराच्या चढउतारांशी बांधले गेले. ऑगस्ट २०१५ पासून कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीत दरवर्षी नव्याने जमा होणाऱ्या पैशाचा एक भाग शेअर बाजारात जाऊ लागला. आरंभी हा भाग ५ टक्के होता, तो पुढे १५ टक्क्यांवर गेला. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी व शिक्षक जुन्या निवृत्तिवेतनासाठी सात दिवस संपावर होते. त्या संपाचा गाभा हाच होता की म्हातारपणाची भाकरी निर्देशांकाच्या भरवशावर ठेवावी काय? ज्या कामगाराने आयुष्यात एकही शेअर विकत घेतला नाही, त्याच्या घामाचा पैसा आज दलाल स्ट्रीटवर आहे. म्हणून बाजार कोसळतो तेव्हा काय होते आणि तो थांबवला जातो तेव्हा काय होते, हे प्रश्न आता चळवळीचेही झाले आहेत.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत. जगातील रोखे बाजार एकमेकांशी इतके जखडले गेले आहेत की एका ठिकाणच्या भीतीचे पडसाद काही तासांत सर्वत्र उमटतात, ही पहिली. अशा भीतीच्या वेळी व्यवहार काही काळ थांबवण्याची जी पद्धत पडली आहे, जिला बाजाराच्या भाषेत सर्किट लागणे म्हणतात, तिचा उपयोग किती व कोणाला, ही दुसरी. दोन्ही बाजू एकत्र पाहिल्याशिवाय त्यांतील राजकारण उलगडत नाही.

बाजारांचे हे जखडले जाणे नवे नाही. मुंबईने त्याचा पहिला तडाखा १८६५ साली सोसला. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशावर मुंबईत बँका आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या उदंड झाल्या आणि त्यांच्या शेअरांवर सट्ट्याचा डोलारा उभा राहिला. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली याने शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची वार्ता मुंबईत येऊन थडकताच कापसाचे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या फेडीच्या दिवशी शेकडो पेढ्या हतबल झाल्या. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा बाजाराचा सम्राटही त्यात पडला, आणि सट्ट्याला मुक्तहस्ते कर्जे देणारी बँक ऑफ बाँबे १८६८ साली गुंडाळावी लागली. व्हर्जिनियातील एका लढाईचा निकाल मुंबईतील शेअरांचा भाव ठरवू शकतो, हे तेव्हाच दिसून आले होते.

पुढे १९१४ साली महायुद्धाच्या छायेत युरोपातील बाजार एकामागून एक बंद झाले. ३१ जुलै रोजी लंडनचा बाजार बंद झाला आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कचाही. कारण उघड होते. ज्यांना युरोपात रोखे विकता येत नव्हते ते सारे न्यूयॉर्कमध्ये विकू पाहणार होते, आणि सोन्याचा ओघ अमेरिकेबाहेर वळणार होता. न्यूयॉर्कमधील शेअरांचे नियमित व्यवहार त्यानंतर डिसेंबरपर्यंत, म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ, बंद राहिले. जोडलेल्या बाजारांपैकी एक बंद केला की विक्रीचा दाब नाहीसा होत नाही, तो उघड्या असलेल्या पुढच्या बाजारावर जाऊन पडतो, हा धडा त्या उन्हाळ्याने दिला.

१९ ऑक्टोबर १९८७ या सोमवारी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के घसरला. रिचर्ड रोल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने नंतर २३ देशांच्या बाजारांचा अभ्यास केला, तेव्हा त्या महिन्यात २३ पैकी २३ बाजार घसरल्याचे आढळले. या देशांच्या अर्थव्यवस्था एकसारख्या नव्हत्या. कोठे व्याजदर चढे होते तर कोठे उतरते, कोठे निर्यात वाढत होती तर कोठे घटत होती. शांततेच्या काळात हे बाजार आपापल्या कारणांनी वर-खाली होत असत. भीतीच्या काळात मात्र ते एका दोरीने ओढल्यासारखे खाली आले. बाजारांच्या एकीचे खरे स्वरूप यात आहे. समृद्धीत ती सैल असते आणि संकटात ती फास बनते. आपला पैसा अनेक देशांत विभागून ठेवला की धोका कमी होतो, असा उपदेश गुंतवणुकीचे सल्लागार करतात. नेमकी गरज असते त्याच दिवशी तो उपदेश कुचकामी ठरतो.

असे का होते? याचे उत्तर गुंतवणूकदारांच्या मानसशास्त्रापेक्षा भांडवलाच्या मालकीत शोधले पाहिजे. न्यूयॉर्क, टोकियो, सेऊल आणि मुंबई येथे शेअर धारण करणारे मोठे फंड पुष्कळदा तेच असतात. त्यांनी उसनवारीवर खरेदी केलेली असते. एका ठिकाणी तोटा आला आणि सावकाराने तारण वाढवून मागितले की जेथे गिऱ्हाईक मिळेल तेथे विकून ते पैसा उभा करतात. भारताने सप्टेंबर १९९२ मध्ये परकीय संस्थात्मक गुंतवणूकदारांना आपला बाजार खुला केला, तेव्हापासून मुंबई या साखळीची कडी झाली. ५ ऑगस्ट २०२४ चे उदाहरण ताजे आहे. जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ जुलै रोजी व्याजाचा दर वाढवून ०.२५ टक्के केला. एवढ्याशा वाढीनंतर येन महाग होऊ लागला. त्यातच अमेरिकेतील रोजगाराचे आकडे निराशाजनक आले, आणि येनमध्ये स्वस्त कर्ज काढून जगभर शेअर घेणाऱ्यांची धावपळ उडाली. सोमवारी टोकियोचा निर्देशांक १२.४ टक्के कोसळला, सेऊलमध्ये व्यवहार २० मिनिटे थांबवावे लागले, मुंबईचा सेन्सेक्स २,२२२ अंकांनी उतरला. दुसऱ्याच दिवशी टोकियो १० टक्क्यांहून अधिक वर गेला. त्या २४ तासांत जपानमधील एकाही कारखान्याची यंत्रे बदलली नव्हती, आणि भारतातील एकाही शेतातले पीक कमी-अधिक झाले नव्हते. बदलला होता तो उसन्या पैशाचा हिशेब.

आता व्यवहार थांबवण्याच्या उपायाकडे वळू. १९८७ च्या कोसळण्याची चौकशी करण्यासाठी अमेरिकेच्या अध्यक्षांनी निकोलस ब्रॅडी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याने जानेवारी १९८८ मध्ये दिलेल्या अहवालात घसरण ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास बाजार थांबवण्याची शिफारस केली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून न्यूयॉर्कमध्ये तसा नियम आला. आज तेथे ७, १३ आणि २० टक्के अशा तीन पायऱ्या आहेत. मार्च २०२० मध्ये ९, १२, १६ आणि १८ या तारखांना पहिल्या पायरीवरच बाजार थांबला. भारतात सेबीने २ जुलै २००१ पासून १०, १५ आणि २० टक्क्यांच्या मर्यादा घातल्या. सकाळच्या वेळात निर्देशांक १० टक्के हलला तर आता ४५ मिनिटे व्यवहार बंद राहतात, आणि २० टक्के हलला तर त्या दिवसापुरता बाजार मिटतो.

या पद्धतीचे समर्थन असे केले जाते की घाबरलेल्या माणसाला विचार करण्यास अवधी मिळाला तर तो शुद्धीवर येतो. दलालांना गिऱ्हाइकांकडून तारणाचा पैसा गोळा करता येतो, अफवा कोणती व बातमी कोणती याची शहानिशा होते. यात तथ्य नाही असे नाही. तथापि अनुभव काय सांगतो?

१९८७ च्या त्याच आठवड्यात हाँगकाँगच्या बाजाराने चार दिवस दारे लावून घेतली. सोमवारी, २६ ऑक्टोबरला, ती उघडली तेव्हा हँग सेंग निर्देशांक एका दिवसात ३३ टक्के खाली गेला, आणि तेथील वायदे बाजार वाचवण्यासाठी प्रारंभीच २०० कोटी हाँगकाँग डॉलरची मदत उभी करावी लागली. ग्रीसमध्ये २०१५ साली धनकोंशी झालेल्या संघर्षात अथेन्सचा बाजार पाच आठवडे बंद होता. ३ ऑगस्टला तो उघडला आणि १६ टक्के उतरला. चीनने १ जानेवारी २०१६ पासून सर्किटचा नियम लागू केला. निर्देशांक ५ टक्के हलला की १५ मिनिटे विराम, ७ टक्के हलला की दिवसभर बंद. ४ जानेवारीला, म्हणजे व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी, दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या. ७ जानेवारीला अर्ध्या तासाच्या आत बाजार मिटला. दुसऱ्या दिवसापासून नियमच स्थगित करण्यात आला. ५ आणि ७ यांतले अंतर इतके थोडे होते की पहिला विराम संपताच प्रत्येकाने दार मिटण्याआधी बाहेर पडण्याची घाई केली. अवनिधर सुब्रह्मण्यम या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ सालीच हा धोका सिद्धान्तरूपाने मांडला होता. बंद होणार हे ठाऊक असलेले दार लोकांना लोहचुंबकासारखे आपल्याकडे ओढते, हे त्याचे सार. सिनेमागृहात आग लागल्याची हाकाटी झाली आणि पाच मिनिटांनी दार बंद होणार असे सांगितले, तर प्रेक्षक शांत बसून विचार करतील काय?

याउलट उदाहरणही आहे, आणि ते झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १३ मार्च २०२० रोजी मुंबईचा बाजार १० टक्के उतरून ४५ मिनिटे थांबला, आणि पुन्हा सुरू झाल्यावर इतका सावरला की दिवसअखेर सेन्सेक्स १,३२५ अंकांनी वर होता. परंतु दहाच दिवसांनी, २३ मार्चला, तोच नियम, तेवढाच विराम आणि तोच बाजार असताना सेन्सेक्स अखेरीस ३,९३५ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक, कोसळला. यावरून एवढाच निष्कर्ष निघतो की विराम स्वतः काही ठरवत नाही. त्या विरामाच्या काळात बाहेरून काय येते, सरकारचे आश्वासन येते की आणखी वाईट बातमी येते, त्यावर सारे अवलंबून असते. सर्किट ही कडी आहे. दार कोणत्या दिशेने उघडेल हे ती ठरवत नाही.

येथपर्यंतचे विवेचन अर्थशास्त्राच्या कोणत्याही प्रामाणिक विद्यार्थ्याला मान्य व्हावे. राजकारण सुरू होते ते यापुढे. भारतात बाजार थांबण्याचे सर्वांत बोलके प्रसंग परदेशातील कोसळण्यामुळे घडलेले नाहीत. ते मतपेटीमुळे आणि सरकारच्या एका प्रस्तावामुळे घडले आहेत.

मे २००४ मध्ये मतदारांनी केंद्रातील सत्ता बदलली. डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर सरकार येणार आणि सार्वजनिक उद्योगांची विक्री थांबणार, एवढी चाहूल लागताच १४ मे रोजी बाजार घसरला, आणि सोमवारी १७ मे रोजी तो दोनदा थांबवावा लागला. एका क्षणी सेन्सेक्स ८४२ अंकांनी खाली होता. दिवसअखेर तो ५६५ अंकांनी, म्हणजे ११ टक्क्यांनी, उतरलेला होता. सरकार अद्याप बनलेलेही नव्हते. त्याने एकही निर्णय घेतला नव्हता. तरी होऊ घातलेल्या सरकारच्या नेत्यांना बाजाराची समजूत काढणारी निवेदने करावी लागली. खेड्यापाड्यांतील कोट्यवधी मतदारांनी काय म्हटले याची चर्चा मागे पडली आणि दलाल स्ट्रीटला काय वाटते हा राष्ट्रीय प्रश्न झाला.

त्या दिवशीच्या विक्रीची सेबीने चौकशी केली. परकीय संस्थांच्या नावावर झालेल्या व्यवहारांमागे खरा मालक कोण, हे शोधताना पार्टिसिपेटरी नोट या कागदाशी गाठ पडली. भारतात नोंदणी नसलेल्या परदेशी धनिकाला नोंदलेल्या संस्थेमार्फत येथील शेअरांतला नफा मिळवून देणारा हा कागद. एका परदेशी दलाली पेढीने मूळ गिऱ्हाइकांची माहिती नीट दिली नाही, असा ठपका ठेवून सेबीने तिच्यावर निर्बंध घातले. अपिलात ते रद्द झाले. पुढे १६ ऑक्टोबर २००७ च्या सायंकाळी सेबीने या कागदांना आळा घालण्याचा प्रस्ताव प्रसिद्ध केला. तोवर परकीय संस्थांच्या भारतातील शेअर-गुंतवणुकीपैकी जवळजवळ निम्मी या मार्गाने आलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडताच काही मिनिटांत खालचे सर्किट लागले आणि व्यवहार तासभर बंद झाले. त्या तासाभरात काय घडले? सरकार या कागदांच्या विरोधात नाही, असा खुलासा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी केला. बाजार पुन्हा उघडला, सावरला, आणि दिवसअखेर घसरण अवघी ३३६ अंकांची राहिली. ज्या विरामाचे समर्थन गुंतवणूकदाराला विचारासाठी अवधी म्हणून केले जाते, त्या विरामात गुंतवणूकदाराने विचार बदलला नाही. सरकारला आपला सूर बदलावा लागला.

मे २००९ मध्ये याचे प्रतिबिंब उलटे उमटले. डाव्यांचे बळ घटले आणि त्यांच्या आधाराची गरज नसलेले सरकार येणार हे स्पष्ट झाले. १८ मे रोजी वरचे सर्किट लागले, सेन्सेक्स १७ टक्क्यांहून अधिक चढला आणि बाजार दिवसभरासाठी मिटला. कामगार संपावर गेला तर त्याने उत्पादन वेठीस धरले असे म्हटले जाते. भांडवल संपावर गेले तर त्याला बाजाराची भावना म्हणतात. हा केवळ शब्दांचा भेद नाही. यात लोकशाहीवर चालणाऱ्या नकाराधिकाराचा प्रश्न आहे.

विराम तटस्थ नसतो, याची साक्ष इतर बाजारही देतात. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या धातू बाजारात निकेलचा भाव टनाला १ लाख डॉलरच्या पलीकडे गेला. भाव पडेल या अपेक्षेने ज्यांनी न घेतलेला माल विकला होता त्यांच्यावर प्रचंड तोटा कोसळत होता. ८ मार्चला बाजाराने व्यवहार तर थांबवलेच, शिवाय त्या दिवशी सकाळी झालेले सौदेही रद्द केले. सारी व्यवस्थाच कोलमडू नये म्हणून हे केले, असे बाजाराचे म्हणणे होते आणि इंग्लंडच्या न्यायालयांनी ते ग्राह्य धरले. परंतु सौदा पवित्र असतो, हे कामगाराला व ऋणकोला ऐकवले जाणारे तत्त्व त्या दिवशी काही तासांत बाजूला ठेवले गेले. भारतातील शेतकऱ्याचा अनुभव तर अधिक बोलका आहे. २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, भात, मूग आणि कच्चे पामतेल या सात मालांचे वायदे स्थगित झाले. ती स्थगिती काही मिनिटांची नव्हती. आधी वर्षभराची होती, मग ती पुन्हा पुन्हा वाढवली गेली. भाव चढू लागले म्हणून हा विराम आला. मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याच्या सोयाबीनचा भाव हमीभावाखाली घसरतो, तेव्हा मात्र कोणतेही सर्किट लागत नाही. वायदे बाजार शेतकऱ्याच्या हिताचा की अहिताचा याविषयी चळवळीत मतभेद आहेत आणि ते राहतील. परंतु विराम वरच्या बाजूला असावा आणि खालच्या बाजूला नसावा, या नियमात शेतकऱ्याचे हित कोठे आहे, हे कोणी दाखवून द्यावे.

मग व्यवहार थांबवण्याच्या पद्धतीला विरोध करावा काय? तसे करणे चुकीचे ठरेल. उलट तिच्यातून एक मोठी कबुली हाती येते, ती घट्ट धरली पाहिजे. बाजार ही निसर्गनियमाने चालणारी गोष्ट आहे, तिच्यात हात घालू नये, असे ज्यांनी आयुष्यभर सांगितले, त्यांनीच स्वतःच्या रक्षणासाठी ती थांबवण्याचे नियम केले. मुक्त व्यवहारापेक्षा समाजाचे स्थैर्य मोठे, हे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की ते तत्त्व शेअरांपुरतेच का?

हे तत्त्व भारतीय कायद्यात कामगारांसाठीही एके काळी होते. १९७६ साली औद्योगिक विवाद कायद्यात पाच-ब हे प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार ३०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपात करण्यापूर्वी वा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेणे बंधनकारक झाले. १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा १०० वर आणली. हे कामगारांचे सर्किटच होते. रोजगार कोसळू लागला तर क्षणभर थांबा, कारणे तपासा, दुसरा मार्ग आहे का पाहा, असे ते मालकाला सांगत होते. त्याची अंमलबजावणी सदोष होती आणि पळवाटा अनेक होत्या, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्याला रोजगाराच्या मार्गातला अडसर म्हणून हिणवले गेले, आणि संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा पुन्हा ३०० वर नेली. शेअरांच्या किमतीसाठी विरामाचे नियम अधिकाधिक बारकाईने रचले जात होते, त्याच काळात नोकरीसाठी असलेला विराम सैल केला गेला.

मार्च २०२० मध्ये हा विरोधाभास उघड्यावर आला. २३ मार्चला सकाळी बाजाराला ४५ मिनिटांची उसंत मिळाली. २४ मार्चला रात्री आठ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्री ती लागू झाली. मुंबई, पुणे, सुरत येथील रोजंदारीवरच्या कामगाराला चार तासांची सूचना मिळाली. टाळेबंदीच्या साऱ्या काळात शेअर बाजार मात्र चालू राहिला. कारखाने, शाळा, रेल्वेगाड्या बंद होत्या आणि शेअरांची खरेदी-विक्री आवश्यक सेवांत गणली गेली. ८ मेच्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते मध्य प्रदेशचे होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले काम थांबल्यावर ते भुसावळकडे चालत निघाले होते, आणि थकून रुळांवरच झोपले होते. त्यांचे वेतन कोसळले तेव्हा थांबा म्हणणारी कोणतीही यंत्रणा या देशात नव्हती.

या विवेचनातून कार्यक्रमाची दिशा काय निघते? पहिली गोष्ट, दाराची कडी आणि दार यांत फरक केला पाहिजे. ४५ मिनिटांचा विराम ही कडी आहे. खरा प्रश्न भांडवलाने देशात कोणत्या अटींवर यावे व जावे हा आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९७२ सालीच परकीय चलनाच्या प्रत्येक व्यवहारावर अल्प कर बसवण्याची सूचना केली होती. चाकांत थोडी वाळू टाकावी, म्हणजे सट्ट्याची गती मंदावेल, ही त्यामागची कल्पना. चिलीने १९९१ ते १९९८ या काळात बाहेरून येणाऱ्या पैशाचा काही अंश बिनव्याजी ठेव म्हणून अडकवून ठेवला. मलेशियाने १ सप्टेंबर १९९८ रोजी परकीयांचा शेअरांतला पैसा वर्षभर बाहेर नेण्यास मनाई केली. सर्वनाशाची भाकिते झाली, ती खरी ठरली नाहीत. नियंत्रणे नसलेले शेजारीही त्याच सुमारास सावरले, म्हणून मलेशियाच्या यशाचे श्रेय किती द्यावे याविषयी वाद आहे. परंतु सार्वभौम सरकारने दार स्वतः लावले तर जग बुडत नाही, एवढे त्यावरून सिद्ध झाले. भारतात २००४ साली रोखे व्यवहारांवर कर आला, तो दलालांच्या ओरडीपुढे आरंभीच सौम्य करण्यात आला. त्याच्या बदल्यात शेअरांवरील दीर्घ मुदतीचा नफा करमुक्त झाला, तो २०१८ पर्यंत तसाच राहिला.

दुसरी गोष्ट, बाजारात येणाऱ्या प्रत्येक पैशाचा अंतिम मालक कोण हे नियामकाला ठाऊक असलेच पाहिजे. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला निवडून आलेल्या सरकारवर नकाराधिकार देता येणार नाही. तिसरी, भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतनाचा पैसा बाजारात घातलाच, तर तोट्याचा भार कामगारावर न टाकता किमान निवृत्तिवेतनाची हमी राज्याने घेतली पाहिजे. पडत्या बाजारात निर्देशांक सावरण्यासाठी हा पैसा ओतला जाणार नाही, हेही कायद्याने बांधले पाहिजे. आणि चौथी, शेअरांच्या घसरणीला जर १० टक्क्यांची मर्यादा असू शकते, तर रोजगाराच्या, वेतनाच्या आणि शेतमालाच्या भावाच्या घसरणीलाही कायद्याने मर्यादा असली पाहिजे. ती ओलांडली की कपात थांबेल, खरेदी केंद्रे उघडतील, वेतनाचा भार सरकार उचलेल. असे नियम अशक्य आहेत असे म्हणणाऱ्याला मुंबईच्या बाजारातील ४५ मिनिटांकडे बोट दाखवावे.

कामगार संघटनांच्या बैठकांत, शिक्षकांच्या सभांत, निवृत्तिवेतनाच्या आंदोलनात कार्यकर्त्यांनी हा विषय आता संकोच न करता मांडला पाहिजे. कोणता शेअर चढेल हे सांगणे हे चळवळीचे काम नव्हे. बाजार कधी, कोणासाठी आणि कोणाच्या आज्ञेने थांबतो, हे मात्र सांगितले पाहिजे. थांबवण्याचा अधिकार आजही अस्तित्वात आहे आणि तो रोज वापरण्याच्या तयारीत ठेवलेला आहे. तो लोकांच्या हाती यावा, एवढीच मागणी आहे.